निवासी संस्थांतील मुले आणि शारीरिक अटकावाची मर्यादा

निरीक्षणगृह, बालगृह, मनोरुग्णालयातील बालविभाग, विशेष मुलांची निवासी शाळा या संस्थांची उद्दिष्टे वेगवेगळी असली तरी एक गोष्ट त्यांच्यात समान असते. तेथे राहणारे मूल दिवसाचे चोवीस तास पगारी प्रौढ व्यक्तींच्या ताब्यात असते आणि प्रसंगी या व्यक्ती त्याला बळाने धरून ठेवतात. हात पिरगळून धरणे, दोघातिघांनी मिळून जमिनीवर दाबणे, खुर्चीत जखडणे, उचलून खोलीत नेणे असे या कृतीचे अनेक प्रकार आहेत. मुलाच्या हालचालीचे स्वातंत्र्य त्याच्या इच्छेविरुद्ध शरीरबळाने हिरावून घेणे, अशी शारीरिक अटकावाची सोपी व्याख्या करता येईल. पट्ट्यांनी बांधणे, गुंगीचे औषध देणे आणि एकट्याला खोलीत कोंडणे हे त्याचेच निकटचे प्रकार होत.

अशा अटकावावर संपूर्ण बंदी असावी, असे या क्षेत्रातील फार थोडे जाणकार म्हणतात. एखादा मुलगा दुसऱ्याचा गळा आवळत असेल किंवा फुटलेली काच हातात घेऊन स्वतःला इजा करीत असेल, तर त्याला धरावेच लागते. तेव्हा न धरणे हाच हलगर्जीपणा ठरेल. वादाचा मुद्दा वेगळा आहे. मूल धोकादायक वागते तेव्हा त्याला धरणे आणि मूल सांगितलेले ऐकत नाही म्हणून त्याला धरणे, या दोन गोष्टींत फरक करायचा की नाही? गेल्या पंचवीस वर्षांत ब्रिटन आणि अमेरिकेत या प्रश्नावर चौकशा झाल्या, खटले चालले, नियम बदलले. त्यामागे काही मुलांचे मृत्यू आहेत आणि त्यांची सुरुवात जवळजवळ प्रत्येक वेळी अत्यंत क्षुल्लक कारणाने झाली आहे.

श्वास का कोंडतो?

शारीरिक अटकावातील सर्वांत मोठा धोका श्वासाचा असतो. श्वास घेताना छातीचा पिंजरा बाहेर यावा लागतो आणि श्वासपटल पोटाच्या दिशेने खाली सरकावे लागते. पालथे पाडून पाठीवर वजन टाकले किंवा बसलेल्या अवस्थेत धड मांड्यांवर पुढे वाकवून धरले, तर या दोन्ही हालचालींना अडथळा होतो. शरीराच्या स्थितीमुळे श्वास कोंडण्याच्या या प्रकाराला वैद्यकशास्त्रात 'पोझिशनल अॅस्फिक्सिया' म्हणतात. याच वेळी मूल जिवाच्या आकांताने झगडत असते, त्यामुळे त्याच्या स्नायूंना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू लागतो. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो.

श्वास कोंडलेल्या व्यक्तीची धडपड बाहेरून पाहणाऱ्याला प्रतिकारासारखी दिसते. त्यामुळे धरणारे पकड आणखी घट्ट करतात. मग मूल एकाएकी शांत होते आणि ते वठणीवर आले, असा समज होतो. प्रत्यक्षात ती शुद्ध हरपण्याची खूण असू शकते. 'ओरडता येते म्हणजे श्वास चालू आहे' हा समजही असाच घातक आहे. शब्द उच्चारायला थोडीशी हवा पुरते, तेवढ्या हवेवर शरीर तगून राहत नाही. दमा, लठ्ठपणा, हृदयविकार, काही मनोविकारांवरील औषधे आणि नुकतेच झालेले जेवण यांनी धोका आणखी वाढतो. उलटी होऊन ती श्वासनलिकेत गेल्यास काही मिनिटांतच मृत्यू ओढवू शकतो.

रेन्सब्रूक, एप्रिल २००४

इंग्लंडमध्ये रग्बी शहराजवळ रेन्सब्रूक येथे १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी 'सिक्युअर ट्रेनिंग सेंटर' म्हणजे बंदिस्त प्रशिक्षण केंद्र होते. अशी केंद्रे सरकारने खासगी कंपन्यांकडे चालवण्यास दिली होती. गॅरेथ मायट हा १५ वर्षांचा मुलगा शिक्षा भोगण्यासाठी तेथे दाखल झाला. त्याची उंची पाच फुटांपेक्षा कमी आणि वजन सुमारे ४१ किलो होते. दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी, १९ एप्रिल २००४ रोजी, त्याचा मृत्यू झाला.

मृत्युचौकशीत पुढे आलेला घटनाक्रम असा : सँडविच भाजण्याचे यंत्र स्वच्छ करण्यास गॅरेथने नकार दिला. त्याला त्याच्या खोलीत पाठवण्यात आले. कर्मचारी मागोमाग खोलीत गेले आणि शिक्षा म्हणून त्याच्या वस्तू काढून घेऊ लागले. त्यात एक कागद होता आणि त्यावर त्याच्या आईचा नवा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला होता. तो पाहून मुलगा उसळला. तिघा कर्मचाऱ्यांनी त्याला बसलेल्या अवस्थेत दोन्ही बाजूंनी वेढून पुढे वाकवून धरले. 'सीटेड डबल एम्ब्रेस' नावाची ही पकड शासनमान्य प्रशिक्षणाचा भाग होती. श्वास घेता येत नसल्याचे तो सांगत राहिला. ओरडता येते आहे तर श्वासही घेता येत असणार, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. त्याला उलटी झाली आणि थोड्याच वेळात तो निपचित पडला.

त्या घटनेनंतर ही पकड वापरातून काढून टाकण्यात आली. २००७ मध्ये ज्युरीने अपघाती मृत्यूचा निष्कर्ष दिला. मात्र या पद्धतीच्या सुरक्षिततेची पुरेशी तपासणी न झाल्याबद्दल आणि देखरेखीतील उणिवांबद्दल बाल-गुन्हेगारी न्यायव्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या 'यूथ जस्टिस बोर्डा'वर तिने ठपका ठेवला.

येथे घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. यंत्र पुसण्यास नकार देण्यात कोणालाही धोका नव्हता. त्यानंतरची प्रत्येक पायरी, म्हणजे खोलीत पाठवणे, मागे जाणे, वस्तू काढून घेणे आणि तो कागद उचलणे, प्रौढांनी चढलेली होती. मुलगा खरोखर धोकादायक झाला तो सर्वांत शेवटी. केवळ त्या शेवटच्या क्षणाचा विचार केला तर त्याला धरणे समर्थनीय वाटते. आधीची पंधरा-वीस मिनिटे विचारात घेतली तर तो क्षण टाळता आला असता, हे स्पष्ट होते.

हॅसॉकफील्ड, ऑगस्ट २००४

गॅरेथच्या मृत्यूला चार महिनेही झाले नव्हते, तोच डरहॅम परगण्यातील हॅसॉकफील्ड या दुसऱ्या केंद्रात अॅडम रिकवुड या १४ वर्षांच्या मुलाने आपले जीवन संपवले. तो शिक्षा झालेला कैदी नव्हता, खटल्याच्या प्रतीक्षेत घरापासून फार दूर ठेवलेला मुलगा होता. त्या काळातील ब्रिटनमध्ये कोठडीत मृत्यू पावलेले हे सर्वांत कमी वयाचे मूल ठरले.

मृत्यूच्या काही तास आधी खोलीत जाण्याचा आदेश त्याने मानला नव्हता. कर्मचाऱ्यांनी त्याला उचलून नेले आणि त्या वेळी त्याच्यावर 'नोज डिस्ट्रॅक्शन' हे तंत्र वापरले. नाकाच्या बुडाशी झटका देऊन वेदनेने मुलाचे लक्ष विचलित करायचे, असे हे मान्यताप्राप्त तंत्र होते. अॅडमच्या नाकातून बराच वेळ रक्त वाहत राहिले. त्याने मागे ठेवलेल्या लेखी टिपणात या प्रसंगाचा उल्लेख होता. १४ वर्षांच्या मुलाच्या नाकावर मारण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे आपण विचारले आणि हा अटकाव आहे, असे उत्तर मिळाले, ही नोंद त्यात होती.

२००७ मधील पहिल्या मृत्युचौकशीत हा बळाचा वापर कायदेशीर होता काय, हा प्रश्न ज्युरीपुढे निर्णयासाठी आलाच नाही. अॅडमच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. २००९ मध्ये न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द करून नव्याने चौकशीचा आदेश दिला. जानेवारी २०११ मध्ये दुसऱ्या ज्युरीने अटकाव बेकायदेशीर होता आणि तो मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या बाबींपैकी एक होता, असे नमूद केले. एका मुलाने कर्मचाऱ्यांना विचारलेल्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर मिळण्यास साडेसहा वर्षे लागली.

'सुव्यवस्था आणि शिस्त'

दुसऱ्या ज्युरीने अटकाव बेकायदेशीर ठरवला, त्याचा आधार आधीपासून नियमांत होता. या केंद्रांसाठी १९९८ मध्ये केलेल्या नियमांनुसार मूल पळून जाऊ नये, त्याने स्वतःला वा इतरांना इजा करू नये, मालमत्तेची नासधूस करू नये आणि दुसऱ्या मुलाला इजा वा नासधूस करण्यास चिथावू नये, एवढ्याच हेतूंनी आणि दुसरा कोणताही मार्ग उपलब्ध नसतानाच त्याला धरता येत होते. या यादीत आज्ञाभंग नव्हता. परंतु १९९४ च्या मूळ कायद्याने सुव्यवस्था आणि शिस्त राखणे हे कर्मचाऱ्यांचे कर्तव्य ठरवले होते. या दोन तरतुदींच्या फटीतून आज्ञापालनासाठी मुलांना धरण्याची प्रथा रूढ झाली.

दोन मृत्यूंनंतर ही फट बुजवण्याऐवजी ब्रिटिश सरकारने २००७ मध्ये नियमच बदलला आणि 'सुव्यवस्था आणि शिस्त' हे अटकावाचे अधिकृत कारण केले. या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान मिळाले. जुलै २००८ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली. युरोपीय मानवी हक्क कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदाने अमानुष व मानहानिकारक वागणुकीपासून दिलेल्या संरक्षणाशी ती विसंगत आहे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. नाकावरील तंत्र आधीच, डिसेंबर २००७ मध्ये, स्थगित झाले होते. पुढे ते कायमचे बंद झाले.

या निर्णयामागील तत्त्व नवे नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० मध्ये स्वातंत्र्यापासून वंचित केलेल्या बालकांच्या संरक्षणासाठी जे नियम संमत केले, ते 'हवाना नियम' म्हणून ओळखले जातात. त्यांनुसार बळाचा वापर अपवादात्मक प्रसंगी, इतर सर्व उपाय निष्फळ ठरल्यावर, कमीतकमी काळासाठी आणि मुलाची मानहानी न करता व्हायला हवा. स्वतःला किंवा इतरांना इजा आणि मालमत्तेचे गंभीर नुकसान हीच कारणे त्यात मान्य आहेत. शिवाय संस्थाप्रमुखाने तातडीने वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि वरिष्ठांना कळवावे, अशी अपेक्षा आहे.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून नवी प्रशिक्षणपद्धती आणण्यात आली, पण हेतुपुरस्सर वेदना देणारी काही तंत्रे तिच्यातही राहिली. चार्ली टेलर यांच्या आढाव्याने २०२० मध्ये ती प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमातून वगळण्याची शिफारस केली आणि सरकारने ती स्वीकारली.

अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेत या विषयाला वाचा फोडली ती एका दैनिकाने. मार्च १९९८ मध्ये कनेक्टिकट राज्यातील एका मनोरुग्णालयात ११ वर्षांच्या मुलाचा अटकावादरम्यान मृत्यू झाला. त्यानंतर 'हार्टफर्ड कुरंट' या वृत्तपत्राने देशभरातील नोंदी धुंडाळल्या आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये लेखमाला प्रसिद्ध केली. आधीच्या दहा वर्षांत अटकाव किंवा कोंडून ठेवण्याशी संबंधित १४२ मृत्यू झाल्याचे तिने उघड केले. त्यांत मुलांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून अधिक होते. तोपर्यंत अशा मृत्यूंची राष्ट्रीय पातळीवर मोजणीच होत नव्हती.

त्यानंतर २००० च्या बाल आरोग्य कायद्याने आणि २००१ च्या संघराज्यीय नियमांनी काही बंधने घातली. शासकीय वैद्यकीय साहाय्य घेणाऱ्या, २१ वर्षांखालील रुग्णांच्या मनोरुग्णोपचार निवासी संस्थांमध्ये अटकावाचा आदेश ९ वर्षांखालील मुलासाठी कमाल १ तास, ९ ते १७ वर्षांच्या मुलासाठी कमाल २ तास आणि त्यापुढील वयासाठी कमाल ४ तासच लागू राहतो. 'गरज पडेल तेव्हा धरा' असा मोघम आदेश देता येत नाही. एका तासाच्या आत प्रशिक्षित आरोग्य व्यावसायिकाने मुलाला प्रत्यक्ष तपासावे लागते. अल्पवयीन मुलाच्या पालकांना शक्य तितक्या लवकर कळवावे लागते आणि चोवीस तासांच्या आत संबंधित कर्मचारी व मूल यांनी एकत्र बसून घटनेची उजळणी करावी लागते.

हे नियम विशिष्ट संस्थांपुरते होते. इतर असंख्य निवासी केंद्रे राज्याराज्यांच्या कमीअधिक कडक नियमांखाली राहिली. एप्रिल २०२० मध्ये मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील अशाच एका केंद्रात कॉर्नेलियस फ्रेडरिक या १६ वर्षांच्या मुलाने भोजनगृहात सँडविच फेकले. अनेक कर्मचाऱ्यांनी त्याला कित्येक मिनिटे जमिनीवर दाबून धरले आणि दोन दिवसांनी, १ मे रोजी, रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. हा मृत्यू मनुष्यवध असल्याचा निष्कर्ष शवविच्छेदनात निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मुलांच्या निवासी संस्थांतील छळाविरुद्ध संघराज्यीय कायदा झाला. त्याने या संस्थांचा राष्ट्रीय पातळीवर अभ्यास बंधनकारक केला असला तरी अटकावावर थेट बंदी घातलेली नाही.

अटकाव कमी होतो कसा?

'आमच्याकडची मुले फार अवघड आहेत, धरल्यावाचून इलाज नाही' हा युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो. तो तपासण्याजोगे एक उदाहरण येल विद्यापीठाशी संलग्न बालमनोरुग्ण विभागाचे आहे. तेथे दाखल होणारी मुले तीव्र भावनिक आणि वर्तनविषयक अडचणींची होती. २००५ नंतर तेथील कर्मचाऱ्यांना डॉ. रॉस ग्रीन यांच्या 'कोलॅबोरेटिव्ह प्रॉब्लेम सॉल्व्हिंग', म्हणजे मुलासोबत मिळून अडचण सोडवण्याच्या, पद्धतीचे प्रशिक्षण देण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार वर्षाला २६३ वेळा होणारा शारीरिक अटकाव ७ वर आला. कोंडून ठेवण्याच्या घटना ४३२ वरून १३३ वर आल्या. हा रुग्णालयातील विभाग होता. दीर्घकाळ मुले राहणाऱ्या संस्थांत हेच आकडे मिळतील, असे त्यावरून म्हणता येणार नाही. तरीही अटकावाचे प्रमाण मुलांच्या स्वभावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, संस्थेच्या कार्यपद्धतीवर अवलंबून असते, हे त्यातून दिसते.

या पद्धतीचे मूळ गृहीत साधे आहे. मुलाला जमत असेल तर ते नीट वागते. ते नीट वागत नसेल तर निराशा सहन करणे, बदल स्वीकारणे, शब्दांत सांगणे यांपैकी काही कौशल्य कमी पडते आहे, असे समजून त्या कौशल्यावर काम करायचे. 'टीव्ही बंद कर, खोलीत जा' या आदेशावर मूल अडून बसले, तर आदेश रेटण्याऐवजी त्याला काय अडते आहे ते विचारायचे, आपली अडचण सांगायची आणि दोघांना पटेल असा मार्ग काढायचा. याला वेळ लागतो, पण चौघांनी मिळून एका मुलाला धरण्यात, त्यानंतरच्या जखमांत आणि चौकशांतही वेळ जातोच.

अमेरिकेतील राज्यांच्या मानसिक आरोग्य संचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने केव्हिन हक्शॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून सहा मूलभूत उपाययोजना पुढे आणल्या. संस्थाप्रमुखाने स्वतः जबाबदारी घेणे, प्रत्येक घटनेची आकडेवारी ठेवून ती वापरणे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, मुलाला काय चेतवते आणि काय शांत करते याची आधीच नोंद करण्यासारखी साधने, संस्थेत राहिलेल्यांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा सहभाग आणि प्रत्येक घटनेनंतर उजळणी, अशा त्या सहा आहेत. या यादीत धरण्याचे नवे, सुधारित तंत्र नाही. घटनेपूर्वी काय घडते आणि घटनेनंतर संस्था काय शिकते, यावर तिचा सारा भर आहे.

याचे आणखी एक कारण आहे. या संस्थांतील अनेक मुलांनी घरी किंवा रस्त्यावर मारहाण आणि लैंगिक अत्याचार सोसलेले असतात. मोठ्या माणसांनी घेरून दाबून धरणे हा त्यांच्यासाठी जुन्या अनुभवाचा पुनःप्रत्यय ठरतो. प्रौढ व्यक्तीवर विश्वास ठेवता येतो, हे ज्या मुलाला शिकवायचे, त्याला नेमका उलटा धडा मिळतो. कर्मचाऱ्यांचीही यात हानी होते. झटापटीत त्यांना दुखापती होतात, आणि एखादे मूल दगावले तर अपुरे मनुष्यबळ व तुटपुंजे प्रशिक्षण देणारी व्यवस्था बाजूला राहून आरोपीच्या पिंजऱ्यात अनेकदा तेच उभे राहतात.

आकड्यांबाबत सावधगिरी

अटकावाचे आकडे घटले म्हणजे सारे आलबेल झाले, असे मानता येत नाही. मुलांना धरणे कमी झाले आणि खोलीत कोंडणे वाढले, तर बदल केवळ कागदावर झाला असे म्हणावे लागेल. डिसेंबर २०२० मध्ये रेन्सब्रूकच्याच केंद्राबाबत निरीक्षकांनी सरकारला तातडीची सूचना दिली. कोविडच्या विलगीकरणाच्या नावाखाली तेथे नव्याने आलेल्या मुलांना दोन आठवडे दिवसातील जवळजवळ सर्व वेळ खोलीत बंद ठेवले जात होते. जून २०२१ मध्ये सर्व मुलांना तेथून हलवण्यात आले. म्हणूनच धरणे, बांधणे, कोंडणे आणि गुंगीची औषधे या चारही बाबींची मोजणी एकत्र व्हायला हवी. एखाद्या संस्थेच्या नोंदवहीत वर्षभरात एकही घटना नसेल, तर ती संस्था उत्तम तरी असेल किंवा तेथे नोंदच होत नसेल.

भारतातील कायदा काय सांगतो?

भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. बालन्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ८२ नुसार बालसंगोपन संस्थेत शिस्तीसाठी मुलाला शारीरिक शिक्षा देणे हा गुन्हा आहे. शिस्त लावण्यासाठी वा सुधारण्यासाठी मुद्दाम वेदना देणे याचा शारीरिक शिक्षेच्या व्याख्येत स्पष्ट समावेश आहे. कलम ७५ अन्वये मुलाशी क्रूर वागणूक करणारी व्यक्ती त्याची काळजी सोपवलेल्या संस्थेतील असेल, तर तिला पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार पोलिसांना मुलाला बेड्या वा साखळ्या घालता येत नाहीत. कलम ५४ प्रमाणे निरीक्षण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा संस्थेला भेट द्यायची असते. तीन वा अधिक सदस्यांच्या या पथकात किमान एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असणे आवश्यक आहे.

शारीरिक अटकावासंबंधी अधिक तपशीलवार तरतूद मात्र दुसऱ्या कायद्यात सापडते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताही आले नाही. २५ हून अधिक जण होरपळून मेले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई केली. कलम ९७ नुसार रुग्णाला एकांतात कोंडता येत नाही. रुग्णाला किंवा इतरांना होऊ घातलेली तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल आणि मानसोपचारतज्ज्ञाने मान्यता दिली असेल, तरच शारीरिक अटकाव करता येतो. शिक्षा म्हणून, जरब बसवण्यासाठी किंवा केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून तो करता येत नाही. त्याची पद्धत, कारण आणि कालावधी यांची नोंद करावी लागते, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते आणि सर्व घटनांचा मासिक अहवाल मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवावा लागतो.

ही संरक्षणे मानसिक आरोग्य आस्थापनेतील व्यक्तीला, म्हणून तेथील मुलालाही, लागू होतात. निरीक्षणगृह किंवा बालगृहातील मुलासाठी बालन्याय अधिनियमाच्या कलमांत शारीरिक शिक्षेवर बंदी आहे, पण अटकावाचे कारण, काळ, नोंद आणि कळवण्याची मुदत ठरवणारे असे कलम नाही. शिक्षा आणि अटकाव यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे हॅसॉकफील्डच्या उदाहरणावरून दिसून आले आहे. २०१७ च्या कायद्यातील नोंद, सूचना आणि अहवालाच्या तरतुदी बालसंगोपन संस्थांनाही लागू करणे, ही त्यामुळे अगदी आवाक्यातील सुधारणा ठरेल. तिला नवी इमारत लागत नाही. एक नोंदवही आणि ती वाचणारा अधिकारी लागतो.

पालकांनी आणि देणगीदारांनी काय विचारावे?

शहरी कुटुंबांचा या संस्थांशी अनेक प्रकारे संबंध येतो. कोणी आपल्या स्वमग्न वा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला निवासी शाळेत ठेवतात, कोणी बालगृहांना देणगी देतात, कोणी स्वयंसेवक म्हणून जातात. अशा प्रत्येकाला पुढील प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

मूल अनावर झाले तर येथे नेमके काय केले जाते? त्याचे लेखी धोरण आहे काय? धरण्याची परवानगी कोणत्या कारणांसाठी आहे, आणि त्यांत 'ऐकत नाही' हे कारण आहे काय? पालथे पाडून पाठीवर वजन टाकण्यास स्पष्ट मनाई आहे काय? रात्रपाळीला किती मुलांमागे किती कर्मचारी असतात आणि त्यांना प्रथमोपचाराचे व कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे प्रशिक्षण आहे काय? प्रत्येक घटनेची नोंद होते काय, गेल्या वर्षी अशा किती घटना झाल्या आणि पालकांना किती वेळात कळवले जाते? घटनेनंतर मुलाचे म्हणणे कोण ऐकून घेते? मुलाला संस्थेबाहेरील व्यक्तीशी एकट्याने बोलता येते काय?

या प्रश्नांनी चांगली संस्था चिडत नाही. बरेच संस्थाचालक स्वतःहून नोंदवही दाखवतात. उत्तरे टाळली जात असतील किंवा मुलाच्या अंगावर वारंवार वळ आणि खरचटल्याच्या खुणा दिसत असतील, तर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा १०९८ या बाल साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते.

विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र त्याला का धरले, हा नाही. त्या प्रश्नाला 'तो अंगावर धावून आला' हे उत्तर तयारच असते. त्याच्या आधीच्या पंधरा मिनिटांत काय घडले, हे विचारावे. यंत्र पुसण्याचा हट्ट, हातातून काढून घेतलेला एखादा कागद, खोलीत जाण्याचा आदेश हे सारे त्या पंधरा मिनिटांत असते, आणि अटकाव टाळण्याची संधीही त्यातच असते.